पुलाच्या भिंतीचा गाभा

त्या वर्षी डोंगरावरचा बर्फ दरवर्षीसारखा बेताबेताने उतरायचा सोडून एकदमच खाली आला. नदी फुगली, वरच्या रानातले ओंडके घेऊन आली आणि जाताना पुलाच्या अलीकडची भिंत घेऊन गेली. पूल राहिला. दगडी कमान तसूभर हलली नाही. पण रस्ता कमानीपर्यंत चढवत नेणारा जो भराव होता, त्याला धरून ठेवणारी भिंत ढासळली आणि भरावही निम्माशिम्मा वाहून गेला. आता तो पूल म्हणजे पायऱ्या मोडलेला माळा झाला होता. दिसत होता, पण चढायची सोय नव्हती.

भिंत ब्रेक्के नावाच्या घराच्या वाट्याची. त्या खोऱ्यात रस्ता सरकारचा असला तरी त्याची निगा घराघरांत वाटून दिलेली, आणि वाट्याच्या हद्दीवर त्या त्या घराचं नाव कोरलेला दगड पुरलेला. रस्ता खचला तर लोक रस्ता खचला असं म्हणत नसत. ‘ब्रेक्के खचलं’ म्हणत. तेव्हा त्या सकाळी सगळं खोरं ‘ब्रेक्के वाहून गेलं’ असं म्हणत होतं, आणि ते ऐकून ब्रेक्केच्या मोन्सच्या अंगाचा तिळपापड होत होता.

मोन्स दगडातला माणूस. दर्शनी दगड बसवण्यात नदीच्या या काठावर आपल्या हाताला तोड नाही असं तो स्वतः सांगायचा, आणि बाकीचे त्याला नाही म्हणत नसत. गाभा भरायला त्याची बायको गुन्वोर. बाहेरून दिसतो तो दगड मोन्सचा, आणि त्याच्या पाठीमागे, भरावाच्या बाजूला, लहान दगड, कपचे, चिपा दाटून ठोकून बसवायच्या ते काम गुन्वोरचं. चुना नाही, सिमेंट नाही, सगळी कोरडी रचाई. अशा भिंतीत दर्शनी दगड शोभेला आणि गाभा कामाला, असं गुन्वोर हसत म्हणायची. मोन्सही हसायचा, पण ते काही त्याला पटलेलं नव्हतं.

पाणी ओसरल्यावर तो पहार घेऊन उतरला. अधांतरी लोंबणारे दगड आधी पाडायला हवे होते. एक पाडला, दुसरा पाडला, तिसऱ्यानं त्यालाच पाडलं. उजव्या दंडाचं हाड मोडलं. हाड बसवणारा म्हातारा आला, त्यानं हात छातीशी करकचून बांधला आणि बजावलं, “गवत कापायला येईपर्यंत हा हात तुझा नाही असं समज.”

“आणि भिंत?” मोन्स म्हणाला.

“भिंत पण तुझी नाही असं समज.”

पण समजून भागणार नव्हतं. गुरं वरच्या कुरणांवर न्यायची वेळ आली होती आणि सगळ्यांची गुरं याच पुलावरून जायची. रस्त्यांचा सरकारी अंमलदार घोड्यावरून येऊन बघून गेला. कुणाला बोलला नाही, पण ब्रेक्केच्या नावाच्या दगडापाशी घोडा थांबवून उगीचच जरा जास्त वेळ बसला.

तेव्हा पलीकडच्या काठावरच्या विके घरातला आस्लाक आला. मागच्या शरदात विकेच्या छपरावर गवताची ढेकळं चढवायला मोन्सनं सावडीचे दिवस दिले होते. ते फेडायला.

“काय रे मोन्स, नदीनं तुझी भिंत नेली ती नेली, हात पण मागितला?” आस्लाक लांबूनच ओरडला. “मागणारा नेहमी जास्तच मागतो बघ.”

दिसायला म्हणाल तर आस्लाकमध्ये बघण्यासारखं काही नव्हतं. डोक्यावर चार केस. रेल्वेच्या बोगद्यात सुरुंगाचा कपचा लागून नाक एका बाजूला कललेलं. लग्न झालेलं नाही, भावाच्या घरात राहायचा, आणि जेवायला बसला की भावजय भांडं झाकून ठेवायची असं लोक म्हणायचे. अशा माणसाचा हेवा कोण करील? मोन्सनंही केला नाही, पहिल्या दिवशी दुपारपर्यंत.

पाया मोकळा करून झाला, दोरी ताणली, आस्लाकनं पहिला मोठा दगड पहारीनं फिरवून बसवला. गुन्वोर घागरा खोचून मागच्या बाजूला उतरली. मोन्स वर, एका उलट्या खोक्यावर बसला होता. बसून सांगायचं काम त्याचं, असं त्यानं स्वतःच ठरवलं होतं.

“तो दगड आडवा नको घालूस,” त्यानं सुरुवात केली. “लांबी आत जाऊ दे.”

“आतच जातोय,” आस्लाक म्हणाला, आणि दगड खरंच आत जात होता.

थोड्या वेळानं मोन्सच्या लक्षात एक गोष्ट आली. आस्लाकनं दगड टेकवला, एक कोपरा हलत होता. त्यानं दगडावरून नजर न काढता डावा हात मागे केला. हात मागे गेला त्याच क्षणी गुन्वोरनं त्याच्या पंजात एक चीप ठेवली. ती त्यानं फटीत सरकवली आणि दगड गप्प झाला. चीप लहान नव्हती, मोठी नव्हती. पुन्हा हात मागे, पुन्हा चीप. कुणी काही मागितलं नाही, कुणी काही विचारलं नाही.

मोन्सबरोबर ती इतकी वर्षं गाभा भरत आली होती. चीप हवी असली की मोन्स ओरडायचा, “पातळ दे!” ती द्यायची. तो म्हणायचा, “ही जाड आहे, डोळे आहेत का?” ती दुसरी द्यायची. हे असंच असतं, दगडाचं काम म्हणजे ओरडाआरडा असतो, असं त्याला वाटत आलं होतं. आता खोक्यावर बसून त्याला दिसलं की तसं काही नसतं.

त्यानं खोकं जरा पुढे ओढलं.

“गुन्वोर, खालच्या अंगाला पोकळ राहिलंय.”

“नाही राहिलेलं.”

“मला दिसतंय.”

तिनं तिथं हातोड्याचा दांडा ठोकून दाखवला. भरीव आवाज आला. आस्लाक हसला नाही, मान खाली घालून दोरी नीट करत राहिला. तो हसला असता तर मोन्सला बरं वाटलं असतं.

दुपारी मोन्सची आई जेवण घेऊन आली. पातळ कडक भाकरी, खारवलेली हेरिंग मासळी, उकडलेले बटाटे, शेळीच्या दुधाचं तपकिरी चीज. म्हातारीच्या जिभेला धार होती आणि ती बोथट होऊ नये म्हणून म्हातारी जीभ रोज चालवायची.

“वा, वा,” कामाकडे बघून ती म्हणाली. “एका सकाळी एवढं? मोन्सचा बाप असता तर म्हणाला असता, हे दोघं आधी कुठं होते?”

मोन्सनं डाव्या हातानं बटाटा सोलायचा प्रयत्न केला. बटाटा निसटून गवतात गेला. गुन्वोरनं दुसरा घेतला, सोलला, हेरिंगचे काटे काढले, तुकडे केले आणि ताटली त्याच्यापुढे सरकवली. लहान पोरापुढे सरकवावी तशी. आस्लाक नदीकडे बघत होता. मुद्दाम बघत होता, हे मोन्सला कळलं.

“आस्लाक, तुला आणखी?” गुन्वोरनं विचारलं.

“विचारू नये गं असं. आमच्या घरी विचारत नाहीत, म्हणून तर मी जिवंत आहे.”

गुन्वोर हसली, खळखळून. मोन्सनं तिला असं हसवलं होतं ते कधी, हे तो आठवत बसला. आठवलं नाही तेव्हा तो म्हणाला, “माझ्या बुटाची नाडी सुटलीय.” ती उठून वाकली आणि नाडी बांधली. आपण हे का सांगितलं ते त्याला नंतर उमगलं. तिला तिथून उठवायचं होतं, एवढंच. पण बघणाऱ्यांना दिसलं ते एवढंच की मोन्सला स्वतःची नाडी बांधता येत नाही.

जेवल्यावर सगळे जरा पडायचे, ही तिथली रीतच. आस्लाक बर्चच्या झाडाखाली टोपी तोंडावर घेऊन घोरायला लागायचा. गुन्वोर सासूबरोबर घरी जाऊन शेळ्यांचं बघून यायची. मोन्सला झोप यायची नाही. हाडाला मुंग्या यायच्या आणि मनालाही.

भिंत चढत गेली. येणारे जाणारे पलीकडून थांबून बघायचे. पुलावर चढायला माणसापुरत्या फळ्या टाकल्या होत्या, त्यावरून टोल्लेइव नावाचा शेजारी रोज दूध घेऊन जायचा आणि जाताना एक वाक्य टाकून जायचा.

“अशी रचाई मी बापजन्मात पाहिली नाही!” एकदा तो म्हणाला. “मोन्स, तू पडलास ते खोऱ्याच्या पथ्यावर पडलं म्हणायचं.”

“दूध आंबेल तुझं,” मोन्स म्हणाला.

“आंबू दे. असं जोडकाम रोज कुठं बघायला मिळतं? बैलजोडी सुद्धा इतकी सारखी चालत नाही.”

टोल्लेइव निघून गेला. त्याच्या मनात काही नव्हतं. त्याच्या मनात कधीच काही नसायचं. पण जोडकाम हा शब्द मोन्सच्या छातीत जाऊन बसला. मोडलेला हात त्याच छातीवर बांधलेला होता, आणि दोन्ही ठिकाणी सारखंच ठणकत होतं.

संध्याकाळी गोठ्यात गुन्वोर दूध काढत होती. मोन्स दारात उभा राहिला.

“त्याच्याशी फार बोलतेस तू,” तो म्हणाला.

“कधी? काम करताना तर आम्ही तोंडही उघडत नाही.”

“तेच म्हणतोय मी.”

धार थांबली. तिनं गाईच्या कुशीवरून डोकं उचललं. “काय म्हणतोयस? बोलते म्हणून राग की बोलत नाही म्हणून?”

“माझ्याबरोबर काम करताना बोलायला लागतं. त्याच्याबरोबर लागत नाही.”

“अरे, तो दगड बसवण्याआधी हातात फिरवतो. कुठून हलणार ते मला आधीच दिसतं. तू फिरवत नाहीस. तू आपटतोस आणि मग ओरडतोस. ओरडण्याआधी मला कसं कळणार?” तिनं हे तक्रार म्हणून सांगितलं नव्हतं. पाऊस कसा पडतो हे सांगावं तसं सांगितलं होतं. “तुझा हात बरा झाला की तूही फिरवत जा. सोपं जाईल दोघांना.”

तिनं पुन्हा दूध काढायला घेतलं. मोन्सला वाटलं, हिनं शिवी दिली असती तर परवडलं असतं. बायकोचं दुसऱ्यावर मन बसलं तर माणूस त्याला बडवू शकतो, तिला हाकलू शकतो, दारू पिऊन पडू शकतो. इथं मन बसल्याचा प्रश्नच नव्हता. आस्लाकचं नाक वाकडं होतं आणि गुन्वोर नवऱ्याशी प्रामाणिक होती, हे मोन्सला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. तरीही त्याच्या आत रात्रंदिवस जळत होतं, आणि कशावरून जळतंय हे सांगावं तर लोक हसले असते. काय, तर म्हणे बायको परक्याच्या हातात बरोबर मापाची चीप ठेवते!

दुसऱ्या दिवशी दुपारी आस्लाक घोरायला लागला, गुन्वोर शेळ्यांकडे गेली, आणि मोन्सनं बादली उचलली.

ब्रेक्केच्या घरामागे बटाट्यांसाठी नवं तळघर खणलं होतं. त्यातून निघालेली निळी चिकणमाती ढीग करून पडली होती, आणि घरातले सडके बटाटे त्याच ढिगावर पडायचे. असल्या मातीला पाणी सोडवत नाही. पावसाळाभर ती पाणी पिऊन बसते आणि थंडीत ते पाणी गोठलं की फुगते. कोरड्या भिंतीच्या गाभ्यात मूठभर माती सुद्धा घालायची नाही, हे तिथं पोरंही खेळताना जाणतात. दगडादगडातून पाणी वाहून गेलं पाहिजे. ते अडलं की गोठतं, आणि गोठलं की भिंतीला पोट सुटतं.

मोन्सनं डाव्या हातानं बादली भरली आणि नेऊन गाभ्यात ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. ज्या जागी आस्लाकनं सगळ्यात देखणा दगड बसवला होता, नेमका त्याच्या पाठीशी. वरून चिपा पसरल्या. घामानं पट्टी भिजली, खांदा पेटल्यासारखा झाला, तरी तो थांबला नाही. पुढच्या वसंतात आस्लाकच्या भिंतीला पोट सुटलेलं त्याला दिसत होतं, टोल्लेइव दुधाचा डबा खाली ठेवून डोकं खाजवताना दिसत होता. भिंत ब्रेक्केच्या वाट्याची आहे, नाव कोरलंय ते आपलंच आहे, हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. पण स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायला निघालेल्या माणसाला नाकाची किंमत कोण समजावणार?

गुन्वोर परत आली, खाली उतरली आणि थबकली.

“एवढं मी भरलं होतं?”

मोन्स खोक्यावरून म्हणाला, “मी भरलं थोडं. डाव्या हातानं. नुसतं बसून कंटाळा आला.”

त्याला वाटलं, आता ती चिपा बाजूला करील. दहा बोटं खाली गेली की माती हाताला लागेल. पण गुन्वोर वर त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की ते त्याला बघवेना. ती खूश झाली होती.

“अरे वा! आस्लाक, ऊठ, हे बघ. ह्यानं एका हातानं भरलंय.”

आस्लाक डोळे चोळत आला. “एका हातानं एवढं? मग दोन हातांनी काय करतोस रे वर्षभर?” त्यानं मोन्सच्या चांगल्या खांद्यावर थाप मारली.

“बरं केलंस,” गुन्वोर हळूच म्हणाली. “मला वाटलं होतं तू रागावलायस.”

त्या वेळी सांगता आलं असतं. सांगायला फार काही लागलं नसतं. तळघराची माती आहे, काढून टाक, एवढंच. मोन्सनं तोंड उघडलंही. पण तेवढ्यात आस्लाकनं पुढचा दगड टेकवून डावा हात मागे केला होता, आणि गुन्वोर वळली होती. मोन्सनं तोंड मिटलं. पुढच्या दोन दुपारीही त्यानं बादली भरली.

गुरं वर जायच्या आधी भिंत पुरी झाली. रस्ता भरला, गुरं घंटा वाजवत पुलावरून गेली. शरदात अंमलदारानं पाहणी केली, घोड्यावरून उतरून भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाला, “ब्रेक्केची भिंत बघायला बाकीच्यांना पाठवलं पाहिजे.” मग गुन्वोरकडे बघून, “गाभा तुमचा ना?”

“हो साहेब,” ती म्हणाली. “थोडा ह्यांचा.”

रविवारी चर्चबाहेर बायका तिला थांबवून विचारायला लागल्या की अमुक घराच्या भिंतीत चिपा भरायला येशील का. नदीच्या पलीकडून सुद्धा निरोप आला. आजवर तिचं काम भिंतीच्या आत राहिलं होतं, आणि आतलं कोण बघतं? आता लोक तिला तिच्या कामावरून ओळखायला लागले होते. घरी येताना ती गाणं गुणगुणायची. मोन्सचा हात सुटला होता, बरा झाला होता. त्याला आता आस्लाकचा राग येत नव्हता. तो जळून गेला होता, आणि मागे राख राहते तशी भीती राहिली होती.

हिवाळा आला. पहिल्या गारठ्यात तो रोज काही ना काही निमित्त काढून पुलापाशी जाऊन यायचा. भिंत सरळ होती. असंच राहू दे, असं तो मनातल्या मनात म्हणायचा. कदाचित माती फार नसेल, कदाचित पाणी दुसरीकडून वाट काढील. ज्या भिंतीचं वाटोळं व्हावं म्हणून त्यानं बादल्या वाहिल्या, तिच्यासाठी आता तो देवाला आळवत होता. पण देवानं काही त्या बादल्या भरल्या नव्हत्या.

बर्फ उतरायला लागल्यावर एका सकाळी टोल्लेइवनं दुधाचा डबा खरोखरच खाली ठेवला.

“मोन्स! भिंतीला पोट आलंय!”

नेमका तोच भाग. तो देखणा दगड पुढे झुकला होता आणि वरचा रस्ता हातभर खचून भेगाळला होता. दुपारपर्यंत दोन्ही काठांची माणसं जमली. अंमलदार आला. आस्लाक आला, टोपी हातात घेऊन, आणि आपल्याच दगडाकडे असा बघत राहिला की जणू ओळखीच्या माणसानं भर रस्त्यात शिवी दिली आहे.

“उघडा,” अंमलदार म्हणाला.

मोन्सनं पहार घेतली. आता ती दुसऱ्या कुणाच्या हातात गेलेली त्याला चालणार नव्हती. दोन्ही हातांनी पहार घालून त्यानं वरचे दगड एकेक मोकळे केले, उचलून बाजूला ठेवले. सगळे बघत होते. मोठा दगड त्यानं एकट्यानं उलटवला. त्याच्या पाठीमागून चिपा घरंगळल्या आणि आत निळी माती दिसली, बर्फाच्या पात्या चमकत असलेली, हातभर जाड.

कुणीतरी तोंडानं च्यक् केलं. आस्लाककडे कुणी बघितलंही नाही. साधी गोष्ट होती. पोट सुटलं तर दोष दर्शनी दगडाचा नसतो, गाभ्याचा असतो. दगड बसवणाऱ्याला माणूस काय बोलणार? सगळ्यांच्या नजरा गुन्वोरकडे वळल्या होत्या. आयुष्यभर दगडाचं काम केलेल्या मोन्सला एवढंही सुचलं नव्हतं. त्याला बादली भरताना फक्त आस्लाक दिसत होता.

“गाभ्यात माती,” पलीकडच्या काठाची एक बाई पुटपुटली. “आणि आम्ही हिला बोलावणार होतो.”

गुन्वोर पुढे झाली. तिनं वाकून मातीचा गोळा घेतला, बोटांनी चुरला, वास घेतला. त्या मातीत बटाट्याचा एक सडका कोंब होता. तिनं तो बघितला. मग तिनं मोन्सकडे बघितलं, एकदाच. तिच्या नजरेत राग असता तर त्यानं तो झेलला असता. ती त्या दुपारचं आठवत होती, आणि काय आठवतेय ते त्याला कळत होतं.

“गाभा कुणी भरला?” अंमलदारानं विचारलं.

मोन्सनं घसा साफ केला. पण गुन्वोरला वेळ लागला नाही.

“मी,” ती म्हणाली.

“साहेब, त्यातला थोडा...” आस्लाक बोलायला लागला.

“आस्लाक, गप्प बस. गाभा माझा होता.”

आस्लाकनं तिच्याकडे बघितलं, मोन्सकडे बघितलं आणि गप्प बसला. त्यालाही ती दुपार आठवत होती. आजपर्यंत गुन्वोर आणि आस्लाक यांच्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आता होतं, आणि ते मोन्सनंच आपल्या हातांनी बादली बादली वाहून त्यांच्यात आणून ठेवलं होतं. ती कुणाला वाचवत होती? नवऱ्याला? घराच्या नावाला? त्याला विचारता आलं नसतं, आणि तिनं कधी सांगितलंही नसतं.

“आई गं, एवढी कसलेल्या हाताची बाई आणि माती?” टोल्लेइव बिचारा खरंच हळहळला. गुन्वोर कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली होती, पण मान ताठ होती.

अंमलदारानं उसासा टाकला. “बरं. गुरं जायच्या आत पुन्हा उभी राहिली पाहिजे. गाभा?”

“मीच भरीन,” गुन्वोर म्हणाली. “आणि ह्या खेपेला जेवल्यावर घरी जाणार नाही. गाभ्यापासून हलणार नाही.”

“दगड कोण बसवणार? मोन्स?”

मोन्सनं पहारीवरची मूठ आवळली. तो हो म्हणणार होता. फिरवून बसवीन, ओरडणार नाही, असं त्यानं मनाशी ठरवलंही होतं.

“आस्लाक बसवील,” गुन्वोर म्हणाली. “विकेला आम्ही दिवस देऊ. मोन्सचा हात अजून धरत नाही.”

तासाभरापासून सगळं गाव मोन्सला दोन्ही हातांनी दगड उलटवताना बघत होतं. मोठा दगड त्याच्या पायाशीच पडला होता, ओला, ताजा उकरलेला. अंमलदारानं त्या दगडाकडे बघितलं, पहारीकडे बघितलं, मग मोन्सकडे.

“काय मोन्स? हात अजून धरत नाही?”

गुन्वोर त्याच्याकडे बघत नव्हती. ती खाली वाकून हातानं माती काढायला लागली होती.

“नाही साहेब,” मोन्स म्हणाला. “अजून नाही धरत.”

आणि त्यानं पहार आस्लाकच्या हातात दिली.